सरकारला तीस वर्षे, आमच्या विधवेला सहा महिने



येणे वसूल करायला कोणाला किती दिवस मिळतात ते १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात लिहून ठेवले आहे. व्यापाऱ्याने उसने दिले असतील तर त्याला दावा करायला तीन वर्षे. बँकेने जमीन गहाण घेऊन कर्ज दिले असेल तर गहाणाच्या वसुलीला बारा वर्षे. खुद्द सरकारला कोणावर दावा लावायचा असेल तर तीस वर्षे. तीस वर्षांत बापाच्या जागी मुलगा येतो, मुलाच्या नावावर सातबारा चढतो, त्याचीही पोरे औत धरू लागतात. सरकारचा हक्क तोवर जिवंत. आणि त्याच सरकारच्या रस्त्यावर भरधाव ट्रकखाली सापडून मेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला नुकसानभरपाईचा अर्ज करायला मुदत किती? सहा महिने.

हे आम्ही मनाचे सांगत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातला भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. (तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे.) तेव्हापासून कलम १६६, पोटकलम ३ असे सांगते की अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला नसेल तर भरपाईचा अर्ज विचारातच घ्यायचा नाही. त्यापुढे ‘परंतु’ नाही. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधीशाने तो माफ करावा, असे एक वाक्यही त्या पोटकलमात नाही. माणूस गेला, सहा महिने गेले, आता घरी जा.

ही मुदत नवीन नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो. १९३९ च्या जुन्या कायद्यातही सहा महिने होते, पण उशिराचे पुरेसे कारण दाखवले तर न्यायाधिकरण अर्ज घेऊ शकत होते. इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात निदान एवढी माणुसकी टिकली होती. १९८८ चा नवा कायदा आला त्याने ती आवळली. सहा महिने, आणि कारण दाखवले तर फार तर बारा महिने. तेराव्या महिन्यात दार बंद. मग देशभर गरिबांचे अर्ज धडाधड निकाली निघू लागले. अपघात खरा, मरण खरे, ट्रकवाल्याची चूक खरी, फक्त तारीख चुकली. शेवटी संसदेलाच लाज वाटली आणि १९९४ च्या दुरुस्तीने हे पोटकलम समूळ काढून टाकले. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अपघाताच्या दाव्याला मुदत राहिली नाही.

पुढे १९९६ साली धन्नालाल नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका अर्जदाराचे प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आले. वर्ष उलटून थोड्याच दिवसांनी त्यांनी अर्ज केला होता. खालच्या न्यायाधिकरणाने आणि हायकोर्टाने मुदतीच्या नावाखाली तो फेटाळला होता. सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा जिवंत केला. मुदतीच्या तांत्रिक मुद्द्यावर वारसांचे आणि जखमींचे दावे फेटाळल्याने घोर अन्याय होत होता, हे ओळखूनच संसदेने मुदत काढली, असा त्या निकालाचा आशय होता. अर्ज जुना असला आणि प्रकरण अजून चालू असले, तरी नव्या दुरुस्तीचा फायदा त्याला द्यावा, असे कोर्टाने ठरवले.

म्हणजे बघा. एकदा चूक केली, चूक कळली, दुरुस्त केली, सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीची पाठ थोपटली. पुढची सत्तावीस वर्षे देश मुदतीशिवाय चालला आणि बुडाला नाही. आणि मग तीच चूक पुन्हा आणली, तीही पहिल्यापेक्षा कडक करून. १९८८ मध्ये बारा महिन्यांपर्यंतची फट होती, आता तीही बुजवली.

सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले, असे कोणी साहेब म्हणेल. पगारदाराच्या घरात असतीलही. आमच्या घरात ते कसे जातात ते मांडून पाहू. समजा पाथर्डी तालुक्यातला एक शेतकरी दिवाळीच्या तोंडावर मोटारसायकलवर कापूस विकल्याची पट्टी आणायला निघाला आणि करंजीच्या घाटात गाडीने उडवला. तालुक्याचा दवाखाना, तिथून नगर, तिथून पुणे. बायको त्याच्या उशाशी. घरी म्हातारी आणि पोरे. कपाशीची पहिली वेचणी झाडावर लोंबतेय, मजूर मिळत नाही, मिळाला तर पैसे नाहीत. नुकत्याच उगवलेल्या ज्वारीची कोळपणी राहिलीय. दवाखान्याचे बिल भरायला शेळ्या गेल्या, मग बैल गेला, मग सोनाराकडे डोरले गेले. ज्वारी काढणीला आली तेव्हा माणूस अजून खाटेवरच आहे. आणि समजा चैत्रात तो गेला. दहावा, तेरावा, पाहुण्यांची ये-जा. तोवर अक्षय्य तृतीया आली. दिवाळी ते अक्षय्य तृतीया, बरोबर सहा महिने. त्या बाईच्या पदरात नवऱ्याच्या मरणानंतर जेमतेम महिनाही आला नाही, कारण कायदा मुदत मोजतो ती अपघाताच्या दिवसापासून. मरणाच्या दिवसापासून नव्हे!

जो जगतो त्याचे हाल निराळे. पायात सळई घातली, ती काढायला डॉक्टर दीड वर्षाने बोलावतो. अपंगत्व किती टक्के ते उपचार संपल्याशिवाय डॉक्टर लिहून देत नाही. म्हणजे नुकसान किती झाले ते कळण्याआधी ते मागण्याची मुदत संपलेली.

ऊसतोडीला गेलेल्यांचे तर विचारूच नका. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या टोळ्या दसरा झाला की निघतात. कोयता, भांडी, कोंबड्या, पोरे सगळे एका ट्रॉलीत. अपघात होतो कोल्हापूरकडे नाही तर कर्नाटकात, पंचनामा तिकडच्या ठाण्यात, कागद कानडीत. उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. गाव दिसते ते पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात. यांना सहा महिने कसे पुरावेत, हे दिल्लीत कोणी विचारले होते काय?

आता कंपनीचे बघू. याच कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे न्यायाधिकरणाच्या निकालावर हायकोर्टात अपील करायला नव्वद दिवस आहेत. आपल्या जिल्ह्याची अपिले औरंगाबादच्या खंडपीठात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जातात. विमा कंपनीचे अपील नव्वद दिवसांनंतर गेले तर? तिथे कायद्यात ‘परंतु’ आहे. पुरेशा कारणामुळे वेळेत येता आले नाही असे पटले, तर हायकोर्ट ते अपील दाखल करून घेऊ शकते. त्याला वरची मर्यादाही घातलेली नाही. कंपनीकडे वकिलांची फौज, गल्लोगल्ली ऑफिस, कारकून, संगणक, आणि तरी तिला उशीर होऊ शकतो हे कायद्याला समजते. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागला, हे कारण चालते. नवरा पुण्याच्या दवाखान्यात पाच महिने बेशुद्ध होता, हे चालत नाही. अपिलाची सवलत आम्हालाही आहे, असे कोणी म्हणेल. आहे ना! पण अपिलापर्यंत जायला आधी दावा आत शिरावा लागतो.

विलायतेत जिथून हे कायदे आले तिथे आज अपघाताच्या दाव्याला साधारण तीन वर्षे आहेत, आणि जखमी पोर अज्ञान असेल तर ती अठराव्या वर्षापासून मोजतात. आपल्याकडेही १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालचा दिवाणी दावा दोन वर्षांत करता येतो. कामगारांच्या भरपाईच्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यात दोन वर्षे होती, आणि उशीर माफ करण्याची सोयही होती. मग मोटारीनेच असे काय पुण्य केले?

याचे उत्तर असे देतात की जुने दावे आले की पुरावा मिळत नाही आणि खोटे दावे फार होतात. खोटे दावे होतात हे आम्ही नाकारत नाही. उत्तर प्रदेशात असल्या दाव्यांच्या तपासाला विशेष पथक नेमावे लागले. अपघात एका गाडीने केला आणि विमा असलेली दुसरीच गाडी कागदावर उभी केली, असले उद्योग करणाऱ्या टोळ्या असतात. पण भावांनो, टोळीवाल्याला कधी उशीर होतो काय? त्याची फाइल आठ दिवसांत तयार. एफआयआर, साक्षीदार, डॉक्टरचा दाखला, सगळे ठाकठीक. उशीर होतो तो खऱ्याला. ज्याला कोर्टाची पायरी माहीत नाही, ज्याच्या घरात लिहिणारा एकच होता आणि तोच मेला, त्याला. सहा महिन्यांच्या चाळणीतून खोटा निसटतो आणि खरा अडकतो. खोटे ओळखायचे तर तपास करा, आणि तपास हे पोलिसांचे काम आहे.

आणि इथेच या सगळ्या कायद्याची गंमत आहे. याच २०१९ च्या दुरुस्तीत एक चांगली गोष्टही आहे, आणि ती आमच्या गावात कोणी सांगत नाही. कलम १५९ म्हणते की पोलिसांनी तपास करतानाच अपघाताचा अहवाल तयार करून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवावा. आणि कलम १६६, पोटकलम ४ म्हणते की तो अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा. नीट वाचा. फौजदाराने आपले काम केले तर त्या बाईला वेगळा अर्ज करायची गरजच उरत नाही. २०२२ च्या केंद्रीय नियमांत याचे वेळापत्रकच आहे. पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला. जखमीला किंवा वारसाला त्यांचे हक्क लेखी कळवायचे १० दिवसांत. ड्रायव्हर आणि मालकाची माहिती ३० दिवसांत घ्यायची. मधला अहवाल ५० दिवसांत. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्यानंतर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत रक्कम देऊ करायची. १५ डिसेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने गोहर मोहम्मद यांच्या खटल्यात हे सगळे देशभर पाळा, ठाण्यात यासाठी वेगळे पथक नेमा, असे आदेश दिले.

आता आम्ही विचारतो. तुमच्या तालुक्यात अपघात झालेल्या किती घरांत दहा दिवसांच्या आत पोलिसाने येऊन हक्कांचा कागद दिला? आम्ही ज्या ज्या घरी गेलो तिथे कोणी असला कागद पाहिलेला नव्हता. एका घरी तर पंचनाम्याची नक्कल मागायला गेलेल्या मुलाला चार चकरा मारायला लावल्या आणि पाचव्या वेळी साहेब बंदोबस्तावर आहेत असे सांगितले. पोलिसांवर काम किती आहे ते आम्हाला दिसते. सभा, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे. पण पोलिसांनी तीन महिन्यांची मुदत मोडली तर त्यांना शिक्षा काय, आणि विधवेने सहा महिन्यांची मुदत मोडली तर तिला शिक्षा काय? पहिल्याचे काही होत नाही. दुसरीचा आयुष्यभराचा आधार जातो.

आधार म्हणजे किती, तेही रुपयांत मांडू. कारण गावात तडजोडीला बसणारे लोक ‘दवाखान्याचा खर्च आणि वर पन्नास हजार’ असे म्हणतात आणि बाई अंगठा देते. भरपाई कशी काढतात हे सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा निकालात आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरवून दिले आहे. मेलेला माणूस ३८ वर्षांचा. न्यायाधिकरणाने त्याचे उत्पन्न महिना १०,००० धरले असे समजा. वर्षाचे १,२०,०००. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, झाले १,६८,०००. घरात त्याच्यावर अवलंबून चार माणसे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,२६,०००. त्या वयाला गुणक १५. म्हणजे १८,९०,०००. अंत्यविधीचा खर्च वगैरे त्याशिवाय. व्याजही मिळते, पण ते अर्जाच्या तारखेच्या आधीपासून लावता येत नाही, म्हणून उशीर केला तर तिथेही नुकसान. अठरा लाख नव्वद हजार कुठे आणि पन्नास हजार कुठे! हिशेब पाठ करा. सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

त्यात कंपनीचा वकील कोर्टात हमखास एक मुद्दा काढतो. म्हणतो, जमीन कुठे गेली? जमीन तर वारसांच्या नावावर राहिलीच, मग उत्पन्न बुडाले कसे? या वकिलाला एकदा जूनमध्ये कोरडवाहू रानात उभे करायला हवे. जमीन राहिली, पण पेरणारा गेला ना? नांगरटीपासून वेचणीपर्यंत सगळे विकत घ्यायचे ठरवले तर कोरडवाहू कपाशीत उरते काय, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. राबणारा आणि शेत सांभाळणारा गेल्याचे नुकसान कोर्ट धरते, पण ते दाखवावे लागते. सातबारावरची पीकपाण्याची नोंद, अडतीची पट्टी, कापूस विकल्याची पावती, दूध डेअरीचे पुस्तक, मजुरीला जात असेल तर तो हिशेब. आपण हे कागद चुलीत घालतो किंवा पोरांना विमाने करायला देतो. यापुढे एका पिशवीत घालून खुंटीला टांगा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सहा महिन्यांच्या या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिले गेले आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी कोर्टाने अंतरिम आदेश दिला की पुढील आदेश होईपर्यंत या पोटकलमाच्या मुदतीबाहेर गेला एवढ्याच कारणाने कोणत्याही न्यायाधिकरणाने वा हायकोर्टाने दावा फेटाळू नये. ज्यांचे सहा महिने उलटून गेले आहेत आणि जे घरी हातपाय गाळून बसले आहेत, त्यांनी हा आदेश वकिलाला दाखवावा, आज त्याची काय स्थिती आहे ते विचारावे आणि ताबडतोब अर्ज दाखल करावा. पण ज्यांचा अपघात ताजा आहे त्यांनी याच्या भरवशावर झोपू नये. अंतरिम आदेश म्हणजे खळ्यावर टाकलेली ताडपत्री. पाऊस थांबेपर्यंत ठीक, वारा आला की उडते. मुदत आहे असेच धरून चाला आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत टाका.

अर्जासाठी अपंगत्वाच्या दाखल्याची वाट पाहू नका, तो नंतर देता येतो. सातबारावर वारसांची नोंद व्हायची आहे म्हणून तलाठ्याच्या मागे फिरत बसू नका. वारसांपैकी कोणीही एकाने अर्ज केला तरी चालतो, बाकीच्यांची नावे सामील करायची असतात. फौजदारी खटल्याचा निकाल लागू द्या मग बघू, असे कोणी सांगितले तर ऐकू नका, हा दावा वेगळा आहे. अपघात सांगलीला झाला म्हणून सांगलीला खेपा घालायची गरज नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात, म्हणजे नगरला, अर्ज करता येतो. वकील परवडत नाही हेही कारण नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि अपंगालाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे जा. आणि दवाखान्याच्या दारात उभे राहून ‘क्लेम करून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवणे वकिलांच्या स्वतःच्या नियमांनाच मान्य नाही. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर जरूर करा, पण वरचा हिशेब हातात ठेवून करा, कारण तिथे सही केली की अपील नाही.

गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही, तर सगळे संपले असे समजतात. तसे नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. पूर्वी हे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज कोर्टात नव्हे, महसूल खात्यात, प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण सोडायची कशाला? जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनी स्वतः जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी.

राज्य सरकारचे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान आहे, त्याची मुदत तर आणखी आखूड. एप्रिल २०२३ पासून ही योजना विमा कंपनीकडून काढून कृषी खात्याकडे आली. खातेदार किंवा त्याच्या घरातला एक माणूस, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख. पण कागदपत्रांसह अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. तीस दिवस! तेराव्याचे मांडव उतरून पंधरा दिवस होतात न होतात तोवर. सरकारला तीस वर्षे आणि आम्हाला तीस दिवस, आकडा तेवढा सारखा.

शेवटी थोडे आपल्याच माणसांना. रस्त्यावर मरणारा जसा आपला, तसा कधी कधी मारणाराही आपलाच असतो. रात्री मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या कोणाच्या? विमा संपून वर्ष झालेला ट्रॅक्टर कोणाचा? ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो. ट्रॉलीत लग्नाचे वऱ्हाड किंवा वेचणीच्या बाया बसवल्या आणि ट्रॉली उलटली, तर कंपनी हात वर करते आणि भरपाईचा हुकूम मालकावर निघतो. मग जमिनीवर जप्ती येते. दोन घरे एका दिवसात उठतात, एक मेलेल्याचे आणि एक ट्रॅक्टरवाल्याचे. विम्याचा हप्ता भरा, ट्रॉलीला मागून चमकपट्टी लावा. हे सांगायला आम्हाला कायद्याची गरज नाही.

आमच्या मागण्या सरळ आहेत. कलम १६६ चे पोटकलम ३ पुन्हा काढून टाका, जसे १९९४ साली काढले होते. ते होईपर्यंत निदान उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला द्या, जसा विमा कंपनीच्या अपिलासाठी हायकोर्टाला दिला आहे. जखमी माणूस नंतर दगावला तर मुदत मृत्यूच्या दिवसापासून मोजा. आणि ज्या ठाण्याचा अहवाल ९० दिवसांत गेला नाही, त्या ठाण्याच्या अपघातांना कोणतीच मुदत लावू नका. स्वतः काम न करणाऱ्याने दुसऱ्याचे दार लावू नये.

दिल्लीचे काम दिल्लीत होईल तेव्हा होईल. जिल्ह्यातले काम आपल्या हातात आहे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने आपापल्या पोलीस ठाण्यात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाकायचा आहे. त्यात चारच प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२२ पासून या ठाण्याच्या हद्दीत जीवघेणे आणि गंभीर अपघात किती झाले? त्यापैकी किती अपघातांचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला गेला? किती अपघातांचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत गेला? किती वारसांना आणि जखमींना हक्कांचा कागद दिला, आणि त्याची पोच आहे काय? अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. न आल्यास त्यावर अपील करा. उत्तरांच्या नकला पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. ठाण्याठाण्याचे आकडे एकत्र मांडून पोलीस अधीक्षकांना आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना निवेदन द्यायचे ठरले आहे. ज्या घरांचे सहा महिने अजून भरलेले नाहीत त्यांची गाववार यादी वेगळी आणा, अपघाताच्या तारखेसह. ती यादी बैठकीत सगळ्यात आधी घेऊ.